बंडखोर मांडलिक, हुशार राजा आणि नकाशात नसलेली रयत

बंडखोर सरदारांना ताळ्यावर कसे आणायचे, या प्रश्नावर आज महाराष्ट्रात दोन ठिकाणी रात्री उशिरापर्यंत खल चालतो. एक, राजकीय नेत्यांच्या बंगल्यांवर. दोन, 'क्रुसेडर किंग्ज' हा गेम खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर. पहिल्या ठिकाणी आपली पोरे सतरंज्या उचलायला असतात. दुसऱ्या ठिकाणी ती स्वतः राजा असतात. म्हणूनच या गेमबद्दल आंबेडकरी चळवळीत बोलले गेले पाहिजे.

"गेमच तर आहे, त्यात काय एवढे?" असे म्हणणारे भेटतील. पण पोवाडाही करमणूकच होता, कीर्तनही करमणूकच होती आणि दूरदर्शनवरची रामायण मालिकाही करमणूकच होती. समाजाच्या डोक्यात इतिहास पाठ्यपुस्तकातून कमी आणि करमणुकीतून जास्त शिरतो. आपल्या वस्तीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी दोन-दोनशे तास एखाद्या मध्ययुगीन राजाच्या गादीवर बसत असेल, तर त्या गादीवरून त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तपासायला हवे.

गादीवरून दिसणारा इतिहास

'क्रुसेडर किंग्ज 3' हा पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीचा गेम 1 सप्टेंबर 2020 ला आला. नकाशात युरोपबरोबर भारतही आहे. 867, 1066 किंवा 1178 सालापासून सुरुवात करायची आणि 1453 पर्यंत आपले घराणे टिकवायचे. युद्धापेक्षा यात मांडलिकांचीच डोकेदुखी मोठी. प्रत्येक मांडलिकाचे राजाबद्दल एक मत असते, उणे 100 ते अधिक 100. मत खाली गेले की तो इतर नाराजांबरोबर गट करतो. कुणाला स्वातंत्र्य हवे असते, कुणाला राजाचे अधिकार कमी करायचे असतात, कुणाला गादीवर दुसराच माणूस हवा असतो. गटाचे बळ वाढले की निर्वाणीचा खलिता येतो.

यावर राजाकडे उपाय असतात. थैली पाठवा. बलाढ्य सरदाराला मंत्रिमंडळात जागा द्या. मुलगी द्या किंवा सून आणा. त्याचे गुपित शोधून त्याला कह्यात ठेवा. फार मोठा झाला तर त्याचा मुलूख वारसांत विभागू द्या. नाहीतर दहशत बसवा. मात्र कारण नसताना कुणाचा किताब काढून घेतला तर जुलमी म्हणून बाकीचे बिथरतात.

प्रामाणिकपणे सांगायचे तर यात शिकण्यासारखे आहे. राजा सर्वशक्तिमान नसतो, त्याची सत्ता सरदारांच्या संमतीवर उभी असते, हे इथे कळते. लग्न हे राजकारण असते, हे तर पहिल्याच तासात कळते. 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवले होते. "लग्न ही खासगी बाब आहे, त्यात जातीचे काय?" असे म्हणणाऱ्याला हा गेम आठवडाभर खेळायला द्यावा.

पण रयत? प्रत्येक परगण्याला जनमताचा एक आकडा असतो. तो फार घसरला की शेतकऱ्यांचे बंड उठते, राजा फौज पाठवतो, बंड मोडते. एरवी रयत म्हणजे कर आणि शिबंदी यांच्या रकान्यातली संख्या. 2024 च्या विस्तारात जमीन नसलेल्या पात्राचा खेळ आला, पण तोही टोळी बाळगून मुलुखगिरी करणारा साहसवीर. नांगर धरणारा नाही, ढोरे ओढणारा तर नाहीच.

याआधीच्या 'क्रुसेडर किंग्ज 2' साठी 2014 मध्ये 'राजाज ऑफ इंडिया' हा विस्तार आला. त्यात हिंदू पात्रांना वर्ण होता : ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य. तीनच. चौथा नाही, आणि चौथ्याच्याही बाहेरचा तर नाहीच नाही. कंपनीला दोष देऊन काय करणार? मनूच्या दृष्टीने ज्यांना राज्याशी देणेघेणे नव्हते, ते स्वीडनच्या दृष्टीतूनही सुटले. इतिहास गादीवरून पाहिला की कुठूनही पाहा, असाच दिसतो.

काशीदच्या किनाऱ्यावरचा खरा डाव

हा खेळ समजून घ्यायला इंग्लंड-फ्रान्सला जायची गरज नाही. रायगड जिल्ह्यातल्या काशीदला जा. अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा पांढऱ्या वाळूचा किनारा आज मुंबई-पुण्याच्या सुट्ट्यांचा किनारा आहे. मागे फणसाडचे अभयारण्य आहे, जे कधीकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. दक्षिणेला मुरूड आणि जंजिरा, उत्तरेला कोर्लई, रेवदंडा आणि पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला. मांडलिकांच्या राजकारणाची इतकी दाट वस्ती महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

गेम सुरू होतो त्या 1066 साली या किनाऱ्यावर शिलाहारांची सत्ता होती. उत्तर कोकणचे शिलाहार मुळात राष्ट्रकूटांचे सामंत. 973 च्या सुमारास राष्ट्रकूट कोसळले आणि शिलाहार अपराजिताने स्वतंत्र राजासारखे वागायला सुरुवात केली. वरची गादी डळमळली की खालचा सामंत राजा होतो, हा या खेळाचा पहिला नियम. तो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सहाशे वर्षांनी जंजिऱ्यावर सिद्दी फत्तेखान होता, विजापूरच्या आदिलशहाचा मांडलिक. छत्रपती शिवाजी महाराजांचा वेढा असह्य होऊन 1670 च्या सुमारास तो किल्ला देऊन तह करायला तयार झाला. तेव्हा त्याच्याच हाताखालच्या सिद्दी सरदारांनी त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. औरंगजेबाने त्यांना आरमारी चाकरीत घेतले, याकूतखान हा किताब दिला. मांडलिकाने धनी बदलला, किल्ला टिकला आणि सिद्दींचे संस्थान 1948 पर्यंत राहिले. काशीद त्याच संस्थानातले गाव.

दुसरा डाव आंग्र्यांचा. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाला होते. 1713 मध्ये शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केले. मग बाळाजी विश्वनाथाला पेशवाई देऊन पुढे करण्यात आले. त्याने लढाई न करता 1714 मध्ये तह केला. कान्होजींकडे किल्ले राहिले, सरखेल पद राहिले, आणि त्या बदल्यात ते शाहूंच्या बाजूला आले. गेममध्ये याला थैली आणि मंत्रिमंडळातली जागा म्हणतात.

कान्होजींनंतर मुलांत भांडण लागले. 1735 मध्ये पहिल्या बाजीरावाने ते मिटवले ते घर दोन भागांत वाटून : मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्गाला. बलाढ्य मांडलिकाचा मुलूख विभागला गेला. त्यातूनही तुळाजी आंग्रे डोईजड झाले, तेव्हा नानासाहेब पेशव्याने इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले. सरदार नमला, पण किनारा उघडा पडला. बासष्ट वर्षांत पेशवाईही गेली आणि 1840 मध्ये कुलाब्याचे संस्थानही खालसा झाले.

या चारही डावांत राजा, पेशवा, सरदार, किल्लेदार सगळे दिसतात. सगळे हुशार आहेत, सगळ्यांना नावे आहेत. आता विचारा : तह झाला, किल्ला राहिला, सरदारकी राहिली, त्याचा खर्च कुणी भरला?

वतन : तहाची किंमत

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आहे : वतन.

शिवाजी महाराजांना हा शब्द नीट कळला होता. 1656 मध्ये जावळीच्या मोऱ्यांचा बंदोबस्त केल्यावर त्यांनी देशमुख-देशपांड्यांचे बळ पद्धतशीर कमी केले. वतनदारांचे कोट, वाडे, हुडे पाडल्याचे सभासदाची बखर सांगते. मुलूख तोडून देण्याऐवजी रोख वेतनावर त्यांचा भर होता. जोतीराव फुल्यांनी 1869 च्या पोवाड्यात महाराजांना कुळवाडीभूषण म्हटले, ते उगीच नाही. रयत आणि राजा यांच्या मध्ये बसून खाणाऱ्याला आवर घालण्याचा तो प्रयत्न होता.

तो टिकला नाही. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांनी मुलूख व्यापला होता. सरदार औरंगजेबाकडे जाऊ नयेत म्हणून त्यांना वतने देऊ करावी लागली, कारण समोरून औरंगजेबही तेच देऊ करत होता. रामचंद्रपंत अमात्यांनी हे सारे जवळून पाहिले. 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात ते वतनदारांना छोटे पण स्वतंत्र राजेच मानतात, त्यांना स्नेह आणि दंड यांच्यामध्ये ठेवावे असा सल्ला देतात आणि नवी वतने देण्याविरुद्ध बजावतात. स्नेह म्हणजे मतांचा आकडा, दंड म्हणजे दहशत. गेमचे सगळे तंत्र तीनशे वर्षांपूर्वी मराठीत लिहिलेले आहे.

पण आज्ञापत्रही राज्याच्या बाजूनेच विचार करते. वतन दिले की राज्य दुबळे होते, ही अमात्यांची चिंता. वतन दिले की गावातला माणूस कायमचा बांधला जातो, ही फुले-आंबेडकरांची चिंता. इथे दोन दृष्टी वेगळ्या होतात आणि आपण कुठे उभे आहोत, ते ठरते.

ज्याच्या मताचा आकडा कुणी ठेवला नाही

वतनदारांच्या यादीत अगदी तळाला आणखी एक वतनदार होता. महार. कागदावर त्याचेही वतन होते, त्यालाही इनाम जमीन होती, बलुते होते. काम मात्र विचारू नका. सरकारी टपाल पोहोचवा, खजिन्याबरोबर चाला, शिवेची राखण करा, साक्षीला उभे राहा, येणाऱ्याजाणाऱ्या अंमलदाराची सरबराई करा, मेलेले ढोर ओढा. वेळ ठरलेली नाही, वेतन ठरलेले नाही. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने हजर व्हायचे.

19 मार्च 1928 ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच गुलामीवर बोट ठेवून. कामे ठरवा, वेतन ठरवा आणि ज्याला वतन सोडायचे आहे त्याला मोकळे करा, ही मागणी होती. ती मान्य झाली नाही. ज्या सरकारला मोठ्या संस्थानिकांशी तह करता येत होते, त्याला आपल्याच गावकामगाराचे पगारपत्रक करता आले नाही.

आता तो पहिला नियम आठवा. शिलाहार सामंत होते, राजे झाले. सिद्दी चाकर होते, नवाब झाले. सरंजामी उतरंडीत पायरी चढता येते. जातीच्या उतरंडीत महाराने कितीही तलवार गाजवली तरी पायरी बदलत नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती हीच. त्यात वरच्याला वरचेपण टिकवायचे असते, आणि मधल्याला आपल्या खाली कुणीतरी आहे याचेच समाधान असते. म्हणून मधले बंड करतात तेही स्वतःसाठी, उतरंड मोडण्यासाठी नाही. राजाविरुद्ध उठलेल्या कुठल्या सरदाराने गावकुसाबाहेरच्याला आत बोलावले?

गेममध्ये नसलेले बटण

काशीदच्या उत्तरेला, अलिबाग तालुक्यात, चरी नावाचे गाव आहे. ऑक्टोबर 1933 मध्ये तिथल्या आणि आसपासच्या, मिळून पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवले : खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. शेती पडीक ठेवली, लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, पण नांगर घातला नाही. हा संप 1939 पर्यंत चालला. बाबासाहेब या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून आले. चरीच्या संपकऱ्यांत बहुसंख्य आगरी होते. महार, कुणबी, आगरी एका मागणीखाली उभे राहिले, ही त्या लढ्याची खरी कमाई. पुढे कुळकायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर खोती गेली.

गेममध्ये रयतेला दोनच गोष्टी येतात : कर भरणे किंवा शस्त्र उचलणे. सहा वर्षे नांगर न घालण्याचे बटण त्यात नाही. महाडच्या तळ्याचे पाणी पिण्याचे बटण नाही. गादीवर दुसरा राजा न बसवता गादीच्या पायाखालची जमीन कायद्याने काढून घेण्याचे बटण नाही. ही उणीव फक्त गेमची असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती. ती आपल्या राजकारणातही उतरली आहे.

आपले मांडलिकपण

स्वातंत्र्यानंतर राजे गेले, पण किताब परत आले. साखरसम्राट, सहकारसम्राट, शिक्षणसम्राट हे शब्द आपण सहज वापरतो. जो वर आहे तो मांडलिक सांभाळतो, आणि आपल्या चळवळीचेही तसेच झाले.

3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. 1964 च्या डिसेंबरमध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि तुरुंग भरले. मागणी जमिनीची होती, सर्व जातींच्या भूमिहीनांसाठी होती. आणि 1967 च्या सुमारास पक्षाचा मोठा गट काँग्रेसबरोबर समझोत्यात गेला. यशवंतराव चव्हाणांच्या त्या राजकारणाला बेरजेचे राजकारण म्हणतात. बेरीज त्यांची झाली, आपल्या वाट्याला भागाकार आला. 1998 मध्ये रिपब्लिकन ऐक्यातून चार खासदार खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. इतके बळ एकत्र येऊनही ते ऐक्य पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकले नाही.

याचे खापर व्यक्तींवर फोडून आपण मोकळे होतो. कांशीरामजींनी तसे केले नाही. 24 सप्टेंबर 1982 ला, पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी 'चमचा युग' हे पुस्तक काढले. त्यातला मुद्दा शिवीचा नाही, रचनेचा आहे. ज्याची निवड दुसऱ्याच्या मतांवर, दुसऱ्याच्या तिकिटावर होते, तो दुसऱ्याचेच ऐकणार. ज्याने किताब दिला तो काढून घेऊ शकतो. हाच मांडलिकाचा करार. एखादे महामंडळ, एखादी विधान परिषद, एखादे राज्यमंत्रिपद ही आजची वतने आहेत. माणूस चांगला की वाईट, हा प्रश्न नंतरचा. वतन घेतलेला माणूस वतन मोडायच्या लढ्यात किती दूर येईल, हा पहिला.

आणि आरसा आपल्याकडेही वळवू. तालुक्यात तीन कार्यकर्ते असतात आणि चार गट असतात. प्रत्येक गटाला अध्यक्ष हवा, अध्यक्षाला फ्लेक्स हवा, जयंतीच्या मिरवणुकीत कुणाची गाडी पुढे यावरून दोन दिवस बैठक चालते. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात राजकारणातल्या व्यक्तिपूजेपासून सावध केले होते. आपण त्यांचीच पूजा करून तो इशारा बाजूला ठेवला. संघटना गादीसारखी चालवली की सहकारी मांडलिकच होतात, आणि मांडलिक आज ना उद्या बंड करतातच.

मग करायचे काय?

मित्रांनो, गेम खेळू नका असे मी म्हणत नाही. खेळा. शिलाहार घ्या, यादव घ्या, अख्खा भारत जिंका. पण प्रत्येक वेळी करार करताना थांबून विचारा की हा कर कुणाच्या घरातून येतो. पडद्यावर उत्तर दिसणार नाही. ते तुम्हाला आपल्या आजोबांकडून आणि तलाठ्याकडून मिळेल.

तलाठ्याचे नाव मुद्दाम घेतले. 1958 च्या कायद्याने 1 ऑगस्ट 1959 पासून महार वतन संपले. तो कायदा 'कनिष्ठ' गाववतनांचा, म्हणजे नष्ट करतानाही कनिष्ठपण नावात राहिले. त्या जमिनी जुन्या वतनदारांना ठरलेली रक्कम भरून परत मिळण्याची तरतूद झाली, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या विकता येणार नाहीत अशी अट घातली गेली. आज रायगडच्या किनाऱ्यावर गुंठ्याचा भाव सोन्याशी स्पर्धा करतो. अशा वेळी आपल्या गावातली कुठली जमीन वतनाची होती, ती कुणाच्या नावावर परत झाली, पुढे कुणाकडे गेली आणि परवानगी होती का, हे जुने सातबारे आणि फेरफार काढून पाहणे हे अभ्यासाचेही काम आहे आणि चळवळीचेही. सरदारांच्या वंशावळी पाठ असणाऱ्या पोराला फेरफाराची साखळी लावणे अजिबात जड नाही. तेच डोके, तोच चिकाटीचा गुण, फक्त नकाशा आपल्या गावाचा.

एका तालुक्यात पाच जणांनी हे काम केले, त्यांच्यात आगरी-कुणबी-आदिवासी मित्रांना त्यांच्या कुळाच्या जमिनींसाठी सोबत घेतले, तर चरीचा धागा पुन्हा हाती येईल. त्यासाठी कुणाच्या तिकिटाची वाट पाहायला नको आणि कुणाच्या गटात जायलाही नको.

बंडखोर मांडलिकांना कसे सांभाळायचे, याची चिंता राजांना करू द्या. बाबासाहेबांनी आपल्याला राजा होण्याचा सल्ला दिला नाही आणि चांगला मांडलिक होण्याचा तर मुळीच नाही. त्यांनी वतन सोडायला सांगितले होते.

जय भीम!